बीटलचे हीटर बॉक्स बदलले, तरी टकटक थांबत नाही

नवे हीट एक्स्चेंजर (हेच हीटर बॉक्स, एक्झॉस्टच्या उष्णतेने केबिन गरम करणारे), नवा सायलेन्सर, नवं पॅकिंग, आणि तरी सकाळी गाडी चालू केली की मागून टक-टक-टक. नट आवळले की दोन दिवस शांतता, मग पुन्हा तेच. एअर-कूल्ड फोक्सवॅगन बीटल बाळगणाऱ्यांचं हे नेहमीचं गाऱ्हाणं, आणि त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे पॅकिंगचा आणखी एक सेट मागवणं. तो सेट बहुतेक वेळा वाया जातो. दोष पॅकिंगमध्ये नसतोच, मापात असतो. सिलिंडरवरचं हेड, हे बॉक्स आणि सायलेन्सर एकमेकांना आपसूक भेटत नाहीत, नट आवळून त्यांना जबरदस्तीने भेटवलेलं असतं.

पुढचं सगळं १३००, १५०० आणि १६०० सीसीच्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनांना धरून आहे. १९७५ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या फ्युएल इंजेक्शनच्या बीटलची एक्झॉस्टची मांडणी वेगळी आहे, तिला हे जसंच्या तसं लावू नका.

जोड कुठे कुठे आहेत

इंजिनात चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे. पुढच्या दोघांचं, म्हणजे १ आणि ३ नंबरचं, एक्झॉस्टचं तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला आहे. मागच्या दोघांचं, २ आणि ४ नंबरचं, मागच्या दिशेला. मागचे दोन थेट सायलेन्सरला जोडलेले असतात. पुढच्या दोघांचा धूर हीट एक्स्चेंजरच्या आतल्या पाइपातून सिलिंडरच्या खालून मागे येतो आणि मग सायलेन्सरमध्ये शिरतो. म्हणजे हेडवर चार फ्लँज (जोडाच्या सपाट चकत्या), प्रत्येकाला एम-८ चे, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचे, दोन स्टड (हेडमध्ये रोवलेले बोल्ट). बॉक्स आणि सायलेन्सर यांच्यामध्ये क्लॅम्पचे दोन जोड, आत सीलची रिंग. इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांकडे पेट्रोल-हवा नेणारी नळी, गरम ठेवणाऱ्या बारीक पाइपाचे दोन छोटे फ्लँज. शिवाय टेलपाइपांचे दोन जोड. गळायला एकूण दहा जागा.

आणि या सगळ्या लोखंडाला चेसीचा किंवा बॉडीचा कुठलाच आधार नाही. सायलेन्सर टांगलेला आहे तो हेडच्या स्टडवर. त्यामुळे डाव्या हेडपासून उजव्या हेडपर्यंतचं अंतर आणि सायलेन्सरच्या दोन फ्लँजमधलं अंतर तंतोतंत जुळावं लागतं. दोन मिलिमीटरचा फरक राहिला तर तो कुठे जात नाही, स्टडवर ताण म्हणून बसून राहतो. पॅकिंगची एक कड चेपते, दुसरी सैल राहते. इंजिन दहा-वीस वेळा तापून निवलं की सैल बाजू उघडते. सायलेन्सरखाली जॅक लावणारे किंवा फुटपाथच्या कडेला मागून धडकणारेही त्याच स्टडवर घाव घालत असतात, हे जाता जाता.

आवाजाच्या आधी केबिन तपासा

टकटक त्रास देते, पण निदान ऐकू तरी येते. हीट एक्स्चेंजरच्या आतल्या पाइपाची गळती ऐकू येत नाही, आणि तीच जीवघेणी आहे.

१९६३ च्या सुमारास बीटलमध्ये ‘ताज्या हवेचा’ हीटर आला. त्याआधी सिलिंडरवरून आलेली, तेलकट वासाची गरम हवाच आत सोडली जायची. नव्या रचनेत कूलिंग फॅनची काही हवा दोन नळ्यांतून खाली बॉक्सच्या पत्र्याच्या कवचात येते, आतल्या तापलेल्या एक्झॉस्ट पाइपावरून जाते आणि केबिनमध्ये पायाशी व काचेवर सुटते. धूर आणि तुमचा श्वास यांच्यामध्ये फक्त त्या पाइपाची भिंत. जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे जुने बॉक्स आधी बाहेरून सडतात, पण नव्या, स्वस्त बॉक्सची आतली वेल्डिंगही कधी कधी सच्छिद्र निघते. ‘नवा आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनाच्या धुरात आयडलिंगला तो काही टक्के असतो. एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत दहा हजार). कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या नायॉश या अमेरिकी संस्थेने दिवसभराच्या कामासाठी ३५ पीपीएमची मर्यादा सुचवली आहे आणि २०० पीपीएम ही कधीच ओलांडू नये अशी. म्हणजे धूर शंभर पट पातळ होऊन आत आला तरी तो दिवसभराच्या मर्यादेच्या खूप वर असेल. डोकं जड होणं, मळमळ, उगाच झोप येणं याला ‘पेट्रोलचा वास लागला’ म्हणून सोडून देऊ नका.

बॉक्स बसवण्याआधी, तो हातात असतानाच, दोन चाचण्या करा. अंधाऱ्या खोलीत आतल्या पाइपात बारीक दिवा सोडा आणि कवचाच्या तोंडातून आत बघा. कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसता कामा नये. मग पाइपाचं एक तोंड रबरी बुचाने बंद करा, दुसऱ्यातून हलक्या दाबाने हवा सोडा आणि अख्खा बॉक्स पाण्याच्या टबात बुडवा. कवचातून बुडबुडे येत राहिले तर तो बॉक्स परत पाठवा. सुरुवातीला कवचात अडकलेली हवा बाहेर पडते, तेव्हा मिनिटभर थांबून मगच निकाल द्या.

गाडीवर बसलेल्या बॉक्ससाठी कार्बन मोनॉक्साइडचा मीटर हवाच. गाडी उघड्यावर ठेवा, टेलपाइपाचा धूर आत येणार नाही अशा बेताने वारा बघून उभी करा, काचा बंद, हीटरचा दांडा पूर्ण उघडा, इंजिन आयडलिंगपेक्षा बऱ्यापैकी वर, आणि मीटर पायाशी असलेल्या तोंडाजवळ. मग हीटर बंद करून पुन्हा बघा. उघडल्यावर आकडा चढत असेल तर त्या दिवसापासून हीटर बंद. स्वेटर घाला.

आत धूर यायची दुसरी वाटही आहे. फॅन हवा ओढतो ती इंजिनच्या खोलीतून. इंजिनभोवतीचं पत्र्याचं आवरण आणि बॉडी यांच्यामधलं रबर फाटलेलं असेल, मॅनिफोल्डच्या बारीक पाइपाभोवतीच्या छोट्या पट्ट्या कुणी फेकून दिल्या असतील, तर खालच्या जोडातून गळलेला धूर वर चढतो, फॅनमध्ये शिरतो आणि चांगल्या बॉक्समधूनही केबिनमध्ये पोचतो. म्हणून बाहेरच्या गळतीलाही ‘नुसता आवाज तर आहे’ म्हणून टाळू नये.

टकटक एक्झॉस्टचीच कशावरून?

टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा, आवाज आणि फ्लँजची गळती कानाला सख्ख्या भावांसारख्या वाटतात. आधी थंड इंजिनावर व्हॉल्व्हचं अंतर ०.१५ मिलिमीटरला लावून घ्या, म्हणजे एक संशयित कमी होईल. एक्झॉस्टची गळती थंड इंजिनावर जास्त वाजते, लोखंड तापून फुगलं की बारीक होते, आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा डोकं वर काढते. पक्की खूण हवी तर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं जोडांजवळून फिरवा. नळी फॅनच्या पट्ट्यापासून लांब ठेवा.

ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागे फटाके वाजत असतील तर बहुधा हेडचे फ्लँज नव्हे, क्लॅम्पचे जोड किंवा टेलपाइपाच्या रिंगा पाहा. ॲक्सिलरेटर सोडला की धुराबरोबर न जळलेलं पेट्रोल येतं, सैल जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि दोघं सायलेन्सरमध्ये भेटतात. मिश्रण पातळ असलं तरी असंच होतं, त्यामुळे फटाके हा एकट्याने पुरावा नाही.

जागा नक्की करायला सगळ्यात बरा उपाय थंड इंजिनावरचा. एका टेलपाइपात चिंध्या कोंबा, दुसऱ्यात व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू लावा, आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे खोटं बोलत नाहीत. पुढचे दोन फ्लँज खालूनच दिसतात, तिथे छोटा आरसा लागेल. एखादा व्हॉल्व्ह उघडा असेल तर थोडी हवा कार्ब्युरेटरमधून किंवा तेल भरायच्या तोंडातून येईल, ती गळती नव्हे. साबणाची तयारी नसेल तर आठवडाभर गाडी चालवून खाली बघा: जिथे गळतं तिथे काजळीचा काळा फराटा उमटलेला असतो.

मापाचा घोळ

आता मुख्य काम. सगळं खोला, जोड साफ करा आणि पॅकिंग न घालता बॉक्स आणि सायलेन्सर नुसते हाताने लावून बघा. प्रत्येक फ्लँज बोटाच्या जोराने हेडला सपाट टेकला पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात उजेड दिसतो? स्टडवर फ्लँज चढवताना कण्हावं लागतं? मग तुमची गळती सापडली. ही चाचणी केल्याशिवाय पॅकिंगवर एक पैसाही घालवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुळत का नाही, याची कारणं बऱ्याचदा इंजिनात असतात. १२०० च्या इंजिनाचा स्ट्रोक ६४ मिलिमीटर, १३०० पासून १६०० पर्यंतच्यांचा ६९. त्यामुळे १२०० चं इंजिन अरुंद, आणि त्याचे बॉक्स व सायलेन्सर मोठ्या इंजिनाला चालत नाहीत. जर्मनीत १२०० सत्तरच्या दशकातही बनत होतं, तेव्हा गाडीच्या सालावरून सुटे भाग मागवू नका, इंजिन नंबरावरून मागवा. कुणी इंजिन उघडून बॅरलखाली (सिलिंडरच्या नळकांड्याखाली) शिम, म्हणजे पातळ चकत्या, टाकल्या असतील तर एक मिलिमीटरच्या शिमने प्रत्येक हेड एक मिलिमीटर बाहेर जातं, दोन्ही मिळून दोन. हेड मशीनवर घासले असतील तर उलट, ते आत येतात. मूळ कारखान्याच्या मापाचा सायलेन्सर मग बसेल कसा?

बाकीचा दोष सुट्या भागांचा. एका कंपनीचे बॉक्स, दुसरीचा सायलेन्सर, प्रत्येकाची थोडी थोडी चूक, आणि सगळ्या चुका एकाच दिशेला. शक्य असेल तर दोन्ही एकाच ठिकाणाहून घ्या. फरक मिलिमीटरभराचा असेल तर फ्लँजची भोकं गोल कानशीने किंचित लांबट करता येतात, स्टडला जागा मिळते. त्याहून जास्त असेल तर पाइप लाल तापवून वाकवणं किंवा कापून, गाडीवरच वेल्डचे ठिपके मारून, मग बाहेर काढून पूर्ण वेल्ड करणं, हे वेल्डरचं काम. वेल्ड करताना बॅटरीची तार काढा, आणि पेट्रोलची नळी लांब. आणि नवा भाग इतका वाकडा असेल तर तो तापवत बसण्यापेक्षा परत का पाठवू नये?

फ्लँज, हेड आणि चिकटून बसलेलं जुनं पॅकिंग

माप जुळूनही एकच जागा गळत राहिली, तर टॉर्च आणि टोकदार आकडा घेऊन हेडच्या तोंडात बघा. जुनं पॅकिंग तिथे इतकं घट्ट बसतं आणि इतकं काळवंडतं की ते हेडचाच भाग वाटतं. त्यावर नवं चढवलं की दोन पॅकिंग, आणि दोन पॅकिंगचा जोड कधीच टिकत नाही. ते खरवडताना जपून: जुन्या पॅकिंगमध्ये आणि क्लॅम्पच्या रिंगांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. जर्मनीत ॲस्बेस्टॉसवर बंदी आली १९९३ साली. त्याआधीचं जे असेल ते ॲस्बेस्टॉसचंच समजा. पाणी मारून ओलं ठेवा, तारेचा ब्रश मशीनवर लावून उडवू नका, मास्क लावा आणि तुकडे पिशवीत बांधा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, छिन्नी लावलीत तर चर पडेल आणि तोच नवा लीक.

फ्लँजवर सरळ पट्टी आडवी ठेवा. पातळ पत्र्याचे फ्लँज जास्त आवळल्याने केळ्यासारखे वाकतात: दोन्ही कान पुढे, मध्यभाग मागे. मग नट आणखी आवळला की कान आणखी पुढे. सपाट कानशीने घासून ते सरळ करता येतात, पण फार वाकलेला फ्लँज आधी व्हाइसमध्ये दाबून घ्यावा लागतो. नव्या बॉक्समध्ये आणखी एक खोड दिसते. पाइपाचं टोक किंवा वेल्डचा उंचवटा फ्लँजच्या पातळीच्या बाहेर आलेला असतो, आणि तो पॅकिंगच्या आधीच हेडला टेकतो. बाहेरून सगळं घट्ट, आत फट. तो उंचवटा घासल्याशिवाय इलाज नाही.

स्टड

गंजलेले नट काढण्याआधी काही दिवस रोज पेनिट्रेटिंग तेल घाला. सोडताना आधी किंचित आवळा, मग सोडा. अडला तर फक्त नट तापवा. नटाबरोबर अख्खा स्टड निघून आला तर वाईट वाटून घेऊ नका, तुटण्यापेक्षा ते शंभरदा बरं. पुढच्या फ्लँजचे नट गाडीखालून काढणं म्हणजे हाताची सालटी काढणं. स्टड गंजलेले दिसत असतील तर सरळ इंजिन खाली उतरवा; ते चार बोल्टांवर तर आहे.

नट आवळताना आधी घट्ट होतो आणि मग लोण्यासारखा फिरू लागतो, म्हणजे हेडमधले आटे गेले. तिथे कितीही पॅकिंग घाला, दाबणारं कुणी नाही. आट्यांची इन्सर्ट बसवा, किंवा हेडच्या बाजूला एम-१० आणि नटाच्या बाजूला एम-८ असा पायरीचा स्टड मिळतो तो लावा. भोक हाताच्या ड्रिलने वाकडं पाडलंत तर स्टड वाकडा आणि फ्लँज पुन्हा तिरपा, म्हणून गाइड वापरा. नट तांब्याचा मुलामा असलेले घ्या, ते पुढच्या वेळी सुटतात.

आवळण्याचा क्रम

इथे बहुतेकांची घाई होते. एक बॉक्स पूर्ण आवळला, मग दुसरा, मग सायलेन्सर, आणि शेवटच्या फ्लँजला जागाच उरली नाही. तसं नको. दोन्ही बॉक्स पॅकिंगसह लावा, नट बोटाने. क्लॅम्पच्या रिंगा पाइपांवर चढवा, सायलेन्सर सरकवा, त्याचेही नट बोटाने. मॅनिफोल्डच्या बारीक पाइपाचे बोल्ट पॅकिंगसह नुसते धरवा, आणि मॅनिफोल्डही सैल असलेलं बरं. ड्युअल पोर्ट इंजिनात (प्रत्येक हेडला मिश्रण शिरायची दोन तोंडं) त्याचा मधला भाग रबरी बुटांवर बसतो, त्यामुळे तो थोडा हलतो. सिंगल पोर्टमध्ये ही मुभा कमी. बॉक्सच्या पत्र्याचे स्क्रूही सैल ठेवा.

सगळं जागेवर डुगडुगत असताना सायलेन्सर हाताने हलवून मध्यावर आणा. मग हेडचे आठही नट आलटून पालटून, अर्धा अर्धा फेरा. शेवटी सुमारे २० न्यूटन-मीटर. यापेक्षा जास्त ताकद लागत असेल तर तुम्ही पॅकिंग दाबत नाही आहात, पाइप वाकवत आहात. त्यानंतर क्लॅम्प, त्यानंतर मॅनिफोल्डचे छोटे फ्लँज, सगळ्यात शेवटी पत्र्याचे स्क्रू आणि हवेच्या नळ्या.

एक्झॉस्ट पेस्ट क्लॅम्पच्या आणि टेलपाइपाच्या जोडांना, पातळ थराने, चालते. हेडच्या फ्लँजला मी ती लावत नाही. तिथली उष्णता आणि हादरे तिला टिकू देत नाहीत, आणि मग पुढच्या वेळी ती खरवडत बसावं लागतं.

पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापवा, पूर्ण निवू द्या, आणि थंड असतानाच नट पुन्हा टॉर्क पान्याने बघा. काहीशे किलोमीटर झाल्यावर आणखी एकदा. नवं पॅकिंग दबतं, तेवढा ढिलेपणा साहजिक आहे. पण तिसऱ्या वेळीही नट फिरतोय, तर आवळणं थांबवा आणि पुन्हा कोरडी, म्हणजे पॅकिंगशिवायची, जुळवणी करून बघा. जर्मनीत दर दोन वर्षांच्या तपासणीला गाडी न्यायची असेल तर हे सगळं आधी उरकून घ्या. गळका सायलेन्सर तिथे दोष म्हणून नोंदला जातो, आणि वाहनाचं ऐतिहासिक महत्त्व सांगून सुटका होत नाही.

पुण्या-मुंबईच्या बीटलवाल्यांनी मात्र आधी स्वतःला विचारावं की हीटर हवाच आहे का. गाडी मूळ रूपात ठेवायची हौस नसेल तर बॉक्सच्या जागी साधे जे-पाइप (हीटरचं कवच नसलेले वाकडे पाइप) लावता येतात. पाइप हलके, गंजायला कवच नाही, केबिनमध्ये धूर शिरायची मोठी वाट बंद. जुळवणीचे नियम तेच, कारण हेडचे फ्लँज तेच. फक्त फॅनच्या आवरणातून बॉक्सकडे जाणारी दोन तोंडं घट्ट बंद करायला विसरू नका. ती उघडी राहिली तर सिलिंडर थंड ठेवायची हवा तिथून वाया जाते, आणि मे महिन्यात घाट चढताना ती हवा इंजिनाला लागते.